आईंचा टॉवर

फलाटावर उतरून बाहेरचा रस्ता शोधावा म्हणून सुनेने फोन डोळ्यांसमोर धरला, तर नकाशाच्या जागी नुसतं चक्र गरगरत होतं. इंटरनेट गेलं याचा अर्थ एकच होता, सासूबाई गाडीतच राहिल्या.

ती वळेपर्यंत भुयारी गाडीची दारं मिटली होती. काचेआड परक्या पाठीच पाठी, आणि त्यांच्यामधून वर आलेला एक ओळखीचा हात. गाडी निघून गेली.

हा सगळा उद्योग सुनेचाच. परदेशात तिघांच्या तीन फोनवर इंटरनेट घ्यायचं म्हणजे डोळे पांढरे व्हायचे, म्हणून तिने विमानतळावरची सगळी दुकानं पालथी घालून एकच कार्ड घेतलं, तेही सगळ्यात स्वस्तातलं, बोलायची सोय नसलेलं. ते नवऱ्याच्या जुन्या, पुसून रिकाम्या केलेल्या फोनमध्ये घातलं, त्याचं इंटरनेट जवळच्या फोनांना मिळावं म्हणून हॉटस्पॉट चालू केला आणि फोन सासूबाईंच्या पर्समध्ये टाकला. पर्स त्या झोपेतही सोडत नसत, म्हणून तिघांचे पासपोर्टही तिथेच. चार दिवस नवरा-बायको दोघं त्यांच्या दहा पावलांच्या आत घुटमळत होते. नवरा शाळेत गणित शिकवायचा, घरीदारी सगळे त्याला मास्तरच म्हणत. मास्तरांनी आईचं नाव टॉवर ठेवलं होतं. त्यावर सासूबाई म्हणायच्या, निदान या निमित्ताने तरी मुलगा जवळ बसतोय.

आता त्या फोनवर इंटरनेट होतं, पण फोन लावायची सोय नव्हती. या दोघांच्या फोनांवर बाकी सगळं होतं, इंटरनेट नव्हतं.

आणि खरी भीती वेगळीच होती. सून औषधांच्या दुकानात काउंटर सांभाळायची. बाराच्या ठोक्याला मधुमेहाची गोळी तिनेच सासूबाईंच्या हातावर ठेवली होती, अर्ध्या तासात पोटात काहीतरी गेलंच पाहिजे असं बजावून. खाण्याची पिशवी तिच्या खांद्याला होती. घड्याळात बारा वीस झाले होते. साखर उतरली की माणूस आधी घामेजतो, मग बरळतो, मग कुणी हाक मारली तरी ओ देत नाही, हे तिने दुकानात शंभर जणांना समजावलं होतं.

"तुझ्या त्या एका कार्डापायी..." मास्तरांनी वाक्य अर्ध्यावर सोडलं.

"नंतर काय ते बोला. आधी पुढच्या स्टेशनावर जाऊन बघा, आणि इथेच परत या."

ते गेले. ती धावत वर कार्डांच्या दुकानात गेली. बाईने पासपोर्ट मागितला. स्टेशनातलं फुकटचं इंटरनेट लावून पाहिलं, त्याला इथलाच नंबर हवा होता. खिडकीतल्या कर्मचाऱ्याने सासूबाईंचा फोटो पाहिला, मान हलवली आणि भोंग्यावरून काहीतरी पुकारलं. बिचाऱ्याने दोन भाषांत पुकारलं, पण त्यातली एकही सासूबाईंना कळणारी नव्हती.

मास्तर हात हलवत परत आले. पुढच्या स्टेशनावर कुणी नव्हतं. म्हणजे आई उतरल्याच नव्हत्या.

तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला. रोज सकाळी निघताना ती सासूबाईंना बजावायची, चुकामूक झाली तर जिथे असाल तिथून हलायचं नाही, मी शोधत येईन. तिच्या मनात रस्ता होता, बाजार होता, बागेतला बाक होता. आणि सासूबाईंना एकदा सांगितलं की सांगितलं. त्या गाडीतच बसून राहिल्या असणार.

कर्मचाऱ्याने भिंतीवरच्या नकाशावर बोट गोल फिरवलं. गाडी चाळीस मिनिटांत पुन्हा इथेच येत होती. म्हणजे एक वाजता. पण मधे चार-चार मिनिटांनी दुसऱ्या गाड्या, प्रत्येकीला आठ डबे, आणि दारं उघडी राहणार जेमतेम वीस सेकंद.

तिने वायफायची यादी उघडली. जवळपास जेवढे हॉटस्पॉट असतील तेवढ्यांची नावं त्यात येत. त्या फोनचं नाव मास्तरांनी 'आई' ठेवलं होतं. कुणीच जोडलेलं नसलं की हॉटस्पॉट दहा मिनिटांनी आपोआप बंद होतो, ती सोय आपण पहिल्या दिवशी काढून टाकली की नाही, हे मात्र तिला काही केल्या आठवेना.

पावणेएकला एक गाडी आली. यादीत परकी नावं सरसर वर आली, सरसर विरली. पुढचीतही तेच. तिसरीला तर यादी कोरीच. मास्तर दुसऱ्या टोकाला उभे राहून डब्यांत डोकावत होते, त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. तिच्या फोनची बॅटरी सहा टक्क्यांवर आली.

एक वाजून दोन मिनिटांनी आलेल्या गाडीची दारं उघडली, आणि परक्या नावांच्या तळाशी दोन अक्षरं उमटली. तिने विचार केला नाही. समोरच्या दारातून आत घुसली आणि मास्तरांना तिथेच थांबायची खूण केली. दारं मिटली.

आत त्या नावापुढे सिग्नलची रेषा एकच होती. पुढच्या डब्यात गेली, नाव पुसलं गेलं. उलटी फिरली, लोकांच्या पिशव्या तुडवत, माफी मागत. दोन रेषा. तीन.

सासूबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. पर्स छातीशी, ओठ पांढरे, कपाळावर घामाचे मणी. सून समोर येऊन उभी राहिली तरी नजर तिच्यातून आरपार जात होती. तिने पिशवीतली साखरेची पुडी फाडली आणि त्यांच्या तोंडात ओतली, एक, मग दुसरी. मग केळं, बारीक तुकडे करून, लेकराला भरवावं तसं. दोन स्टेशनं गेली. तिसऱ्याला सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं, या वेळी खरंच तिच्याकडे.

"तीनदा उठावंसं वाटलं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पण तू हलू नका म्हणाली होतीस."

सुनेने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला, तो अजून गार होता. "चुकलं माझं," ती म्हणाली.

सासूबाईंनी उरलेलं केळं स्वतःच्या हाताने संपवलं, साल नीट घडी घालून तिच्या हातात दिली आणि पर्सची चेन उघडून पासपोर्ट बाहेर काढले.

"उतरलो की आधी त्या दुकानात जाऊ," त्या म्हणाल्या. "माझ्यासाठी एक कार्ड घे. बोलता येतं, तसलं."