डोमकळीचा फोटो

कृषी सहाय्यक म्हणून हेमांगीची ती पहिलीच सभा. दोंडाईच्याजवळच्या त्या गावात आदल्या दिवसापासून वीज नव्हती, म्हणून मोबाइलचा टॉवरही बंद. प्रोजेक्टरचं तर नावच नको. मारुतीच्या पारावर जमलेले कापूसवाले उठायच्या बेतात होते.

"मॅडम, पुढच्या आठवड्यात या," सरपंच ज्ञानेश्वर म्हणाले.

"तोवर अळी बोंडात शिरेल, भाऊ. सगळ्यांनी फोन काढा."

तिने लॅपटॉप उघडला. जवळच्या फोनवर फोटो पाठवायला नेट लागत नाही, ब्लूटूथ आणि वाय-फाय चालू असलं की झालं, हे तिने सांगितलं. आधी तिच्या पडद्यावर कुणाचाच फोन दिसेना. ती गडबडली नाही. एकेकाचा फोन हातात घेऊन तिने सेटिंग बदलून दिली, तशी नावं उमटू लागली. पहिला फोटो भागाबाईंना गेला. त्यांनी तो शेजारी बसलेल्या दीपमालाला पाठवला, तिने पुढे. बघता बघता सगळ्या पारावर टिंग टिंग सुरू झालं.

फोटोत कपाशीचं फूल होतं, गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं.

"ही डोमकळी. आत गुलाबी बोंडअळी असते. दिसली की तोडायची आणि नष्ट करायची."

भागाबाईंचे यजमान अभिमन आबा हसले. "मना वावरमा असं काही नही."

भागाबाईंनी फोन डोळ्यांजवळ नेला. "नही कशी? काल निंदाले गऊ तवय अशाच फुलं देखात मी!"

"चाल, दखाड माले."

सगळेच निघाले. वावर गावाला लागूनच होतं. भागाबाईंनी दोन ओळी ओलांडून एक फूल तोडलं आणि फोनशेजारी धरलं. हुबेहूब तसंच. हेमांगीने पाकळ्या सोडवल्या. आत बारीकशी अळी वळवळत होती.

आबा वाकून बघत राहिले. मग खिशातून स्वतःचा फोन काढून त्यांनी अळीचा फोटो घेतला आणि हेमांगीपुढे धरला. "हाऊ पन बठ्ठासले धाडी दे."

"तुम्हीच धाडा सगळ्यांना, आबा," म्हणत तिने कुठे दाबायचं ते दाखवलं. त्यांनी दाबलं. पलीकडे ज्ञानेश्वरभाऊंचा फोन वाजला, तेव्हा आबांना हसू आवरेना.

त्याच दुपारी वावरावावरांत माणसं डोमकळ्या वेचायला लागली. कापूस निघाला तेव्हा आबांकडे किडकी बोंडं थोडीच होती. आणि हेमांगीच्या पुढच्या गावच्या सभेला भागाबाई आपणहून गेल्या, बायकांच्या फोनची सेटिंग बदलून द्यायला.