उमैमाच्या हातातली लेझीम

मी लेझीम बोलते आहे. खरे तर आपणहून बोलणे माझ्या स्वभावात नाही. कोणी हाती घेऊन ताणले तर मी वाजते. खुंटीवर असले की नुसती ऐकते. पण ऐकलेले फार साठले, म्हणून आज कोणी न वाजवताच बोलत आहे.

माझा जन्म खामगावच्या एका लोहाराच्या भात्यापुढे झाला. सागाचा गोल दांडा, त्याला धनुष्याच्या दोरीसारखी जोडलेली लोखंडी साखळी आणि साखळीत ओवलेल्या पातळ चकत्या, एवढाच माझा देह. मला घडवून घेतले पिंपळगाव राजा या गावच्या हैदर उस्तादांनी. दिवसा ते गाद्या-रजया भरत, आणि दिवेलागणीला गावची लेझीम-मंडळी त्यांच्या इशाऱ्यावर घुमत असे.

आज ज्याला लोककला म्हणतात, तिला त्या मंडळींत असे भारदस्त नाव नव्हते. ते म्हणत, "चला, दम भराले." उरूस असो, शिवजयंती असो, शाळेचे संमेलन असो, रांगेत कोण कोणत्या घरचा हे विचारले जात नसे, कोणाचा पाय चुकला, एवढेच पाहिले जाई. शेजारचे अर्जुनराव हलगी वाजवत. पहिला ठोका नेहमी संथ. नव्या गड्याने आल्या आल्या मला हात लावायचा नाही, असा उस्तादांचा दंडक होता. त्याने आधी काही दिवस हलगीच्या ठेक्यावर नुसते चालायचे. "पह्यले पायाले कळू दे बे," ते म्हणत, "हाताले काय घाई हाय?" धुळीने भरलेला तो चौक, त्यात एकदम वाकणाऱ्या त्या पाठी आणि एकदम फुटणारा आमचा आवाज! तसा आवाज मी पुन्हा ऐकला नाही.

पुढे मिरवणुकांत मोठमोठे भोंगे आले. गडी पोटामागे सुरत-पुण्याला पांगले. उस्तादांनी मला जुन्या ओढणीत गुंडाळून खुंटीला टांगले. माझ्या साखळीवर गंज चढू लागला, तो वापराने नव्हे, जपणुकीने.

त्याच घरात उमैमा जन्मली. उस्तादांचा मुलगा अकील आणि सून गुलनार यांची ही एकुलती लेक. सातव्या वर्षी तिला रक्ताचा कर्करोग झाला. दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. पोरीचे केस गेले, हसणे गेले, घरातल्या चुलीची ठरलेली वेळ गेली. मग एके दिवशी डॉक्टरांनी सांगितले, की ती बरी झाली. केस परत आले, हसणेही आले. गुलनारच्या मनातला दवाखाना तेवढा सुटला नाही.

उमैमाने पाण्याची कळशी उचलायची नाही. अंगणात धावायचे नाही. शाळेत सोडायला आणि आणायला अकीलची रिक्षा. अर्जुनरावांची बायको सत्यभामाबाई कुंपणावरून म्हणत, "काऊन ओ गुलनार, पोरीले काय लोणच्यासारखी बरणीत भरून ठेवतं?"

"तुमची लेक मौतच्या दारातून आली असती, मावशी, तं तुम्हीबी बरणीच शोधली असती," गुलनार म्हणे. त्या घरात दोन गोष्टी कापडात गुंडाळलेल्या होत्या. त्यांतली एक मी.

उमैमा सतरा वर्षांची झाली. खामगावच्या कॉलेजात वर्ग माडीवर होता. एकदा जिना चढताना तिला असा दम लागला, की ती मधल्याच पायरीवर बसली. गुलनारने त्याच दिवशी तिचे कॉलेज बंद केले. अकीलने लेकीला अकोल्याच्या डॉक्टरांकडे नेले. छातीची तपासणी झाली. परतल्यावर उमैमा आजोबांच्या, म्हणजे तिच्या 'दादां'च्या खाटेवर, माझ्या खुंटीखाली बसली.

"दादा, डॉक्टरीण म्हणे, ज्या दवाईनं मी वाचली, तिनंच दिल थोडं कमजोर झालं. कोणाकोणाले असं होते म्हणे, लई वर्षांनी."

"मंग? इलाज काय सांगितला?"

"गोळी देली. दरसाल तपासणी. अन् बसून राहू नको म्हणे. रोज चाल, हळूहळू वाढव. छातीत दुखलं, चक्कर आली, तं तिथंच थांबायचं अन् मले दाखवायचं, म्हणे."

गुलनार दारातच उभी होती. "चालून दम लागला, अन् दवाई काय, तं चालणं! म्या नाही चालू देत."

"अम्मी, मी काय जिंदगीभर खाटेवरच राहू? कॉलेजबी नाही, चालणंबी नाही. वाचवलं कायले मंग मले?"

गुलनारने जे दहा वर्षे कोणाला सांगितले नव्हते, ते त्या क्षणी बाहेर पडले. पोरगी दवाखान्यात असताना तिने टेकडीवरच्या दर्ग्यात जाळीला धागा बांधला होता: माझी लेक वाचू दे, धागा सोडेपर्यंत तिला कसले म्हणून कष्ट पडू देणार नाही.

मन्नत म्हणा, नवस म्हणा, त्याची रीत मी चौकातल्या आयुष्यात पुष्कळ ऐकली आहे. मागण्याचा एक विधी असतो आणि पावल्यानंतर फेडण्याचा दुसरा. दोन्ही झाल्याशिवाय मन्नत पुरी होत नाही. गुलनारने पहिला विधी केला होता आणि दुसऱ्याला ती भ्याली होती.

"मंग धागा सोडला काऊन नाही?" उस्तादांनी विचारले.

"सोडला, अन् बिमारी परत आली तं, अब्बा?"

उस्ताद हळूच म्हणाले, "बेटा, देणाऱ्यानं कधीचंच देलं. तू धागा तसाच ठेवला, म्हणजे त्याले रोज म्हणून राह्यली, की तुह्या देण्यावर मले भरोसा नाही."

गुलनारने पदर तोंडाशी धरला. रडली की काय, ते ओढणीआडून नीट दिसले नाही.

शुक्रवारी सगळे रिक्षातून दर्ग्याला गेले. मी बरोबर नव्हते. आल्यावर झालेले बोलणे ऐकले. जाळीवर हजारो धागे, उन्हाने सगळे एकाच रंगाचे झालेले. गुलनार आपला धागा शोधत राहिली. शेवटी तिथल्या म्हाताऱ्या मुजावराने सांगितले, "माय, आपला कोणाले सापडते? कोणताबी एक सोड, अन् ज्याचा असंल त्याच्यासाठी दुआ माग." तिने एक सोडला. कोणाचा, कोणास ठाऊक. एवढ्या वर्षांत तिने परक्यासाठी काही मागितले, ते पहिल्यांदाच, असे ती स्वतःच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उस्तादांनी मला खाली उतरवले आणि साखळीला तेल दिले. मात्र उमैमाच्या हाती दिले नाही. आधी काही आठवडे अंगणातल्या अंगणात चालणे, तेही अर्जुनरावांच्या संथ हलगीवर. अर्जुनरावांची बोटे आता वाकडी झाली आहेत. सत्यभामाबाई म्हणाल्या, "बुढा पोरीले चालवून राह्यला, का पोरगी बुढ्याले वाजवून राह्यली, कायचं काई समजत नाही!" मध्ये एकदा दाखवायला नेले असता डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली, तेव्हा मी तिच्या मुठीत आले. पहिला आवाज अगदीच बेसूर निघाला. मला तो गोड लागला.

कॉलेज पुन्हा सुरू झाले आहे. जिन्याच्या मधल्या पायरीवर उमैमा अजूनही थांबते, पण आता मागे वळत नाही. गुलनार उंबऱ्यात बसून लेकीचा श्वास निरखते. परवा उमैमा खेळता खेळता थांबली. "अम्मी, थकली ओ मी."

या शब्दासरशी दहा वर्षे तिला खाटेवर निजवले जात आले होते. गुलनार उठली, जवळ गेली, लेकीच्या छातीवर तळहात ठेवून थोडा वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "दुखत तं नाही ना? बस मंग घडीभर. पाणी पी. उद्या आणखी खेळजो."

अकोल्याची तपासणी येत्या महिन्यात आहे. त्यात काय निघेल ते मला ठाऊक नाही. ते हृदय आयुष्यभर सांभाळावे लागणार, हे मात्र त्या घराला कळले आहे. माझ्या दोन चकत्या गळून गेल्या आहेत आणि आवाज फाटका झाला आहे. तरी मला नव्याने घडवू नका, काचेच्या कपाटात तर मुळीच ठेवू नका. सागाचे लाकूड हाताचा घाम पिते, म्हणून ते तडकत नाही. पूर्वी माझ्यात उस्तादांचा घाम मुरे. अलीकडे संध्याकाळी माझी मूठ पुन्हा ओली होते. ती तशीच ओली राहू द्या.