चिठ्ठी धाकटीची निघाली

सरांनी चहा मागवला आणि थोरलीच्या डोक्यात तिडीक गेली. धाकटीचं तोंड साऱ्या जगापुढे काळं झालं होतं, आणि या माणसाला चहा सुचत होता!

चौकशीच्या खोलीबाहेर बाकावर दोघी बहिणी आणि मध्ये त्यांचे प्रशिक्षक, म्हणजे हे सर. रिलेमध्ये धाकटी तिसरी धावायची, थोरली शेवटची. शर्यत जिंकल्यावर तपासणीसाठी चौघींतल्या एकीची चिठ्ठी काढली, ती निघाली धाकटीची. तिच्या लघवीत बंदी असलेलं औषध सापडलं. पदक चौघींचंही गेलं.

"नीट ऐक," सर धाकटीला म्हणाले. "आत सांगायचं, गोळ्या मी माझ्या मनाने घेतल्या. बंदी तुझ्या एकटीवर येईल, बाकी कुणाच्या केसाला धक्का नाही. थोरली मोठ्या स्पर्धेला जाईल."

"आणि ती इंजेक्शनं?" थोरलीने विचारलं.

"कसली इंजेक्शनं?"

काय म्हणावं या माणसाला! सामानाच्या खोलीचं दार लावून दोघींनाही टोचणारा हाच. 'ताकदीचं आहे गं' म्हणायचा. नाव विचारलं की, 'तुम्ही पळा, डोकं मी चालवतो.' आणि आता हात वर!

"चोर तो चोर, वर शिरजोर!" थोरली ताडकन उठली.

धाकटीने तिचं मनगट धरलं. "ताई, तुझ्या पाया पडते, गप्प बस. मी तर बुडालेच. तू तरी पळ. आईला काय सांगायचं, दोघीही गेल्या म्हणून?"

रक्ताचं पाणी करून थोरलीने हे पाय कमावले होते. तोंड उघडलं की सगळं संपणार. गप्प बसलं, तर बहिणीला खड्ड्यात ढकलून पळायचं.

आत टेबलामागे चौकशी करणारे तिघे होते, मध्ये एक बाई. थोरलीला साक्षीला बसवलं, शेजारी सर बसले. धाकटीने पढवलेलं बोलायला सुरुवात केली, "गोळ्या मी माझ्या मनाने..."

"साफ खोटं!" थोरली ओरडली. "गोळ्याबिळ्या काही नाही. या माणसाने इंजेक्शनं दिली. तिला दिली तशीच मला. चिठ्ठी माझी निघाली असती तर मी सापडले असते. घ्या माझा नमुना!"

"डोकं फिरलंय तिचं," सर हसायला गेले, पण ते हसू काही जमलं नाही.

"तुम्ही बाहेर बसा," मधल्या बाई त्यांना म्हणाल्या.

धाकटीने रडत रडत थोरलीच्या पाठीत धपाटा घातला. "मूर्ख! मूर्ख कुठली!"

"आहेच मी मूर्ख," थोरली म्हणाली आणि बाईंपुढे हात केला. "बाटली द्या."