डाव्या बटणातली पाचर

एकवीस वर्षांत फिटरभाऊंचे खाडे तीन आणि भांडण एकही नाही. रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर, सोमवारी कारखान्यात पहिल्या घंटेला. कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. असा सज्जन वरिष्ठांना फार आवडतो. तो आड येत नाही ना!

कारखान्यात पत्रा कापणाऱ्या बारा प्रेस होत्या. दोन बटणं दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच वरचा ठोकळा खाली येई. हात आत राहायची भीतीच नाही. पण सुपरवायझरला घाई. "फिटर, डाव्या बटणात पाचर मारा, म्हणजे ते दाबलेलंच राहील. एका हातानं दाबतील, दुसऱ्यानं पत्रा सरकवतील." भाऊंनी बारा पाचरी तासल्या. इतक्या बेतशीर, की बघत राहावं!

शनिवारी सात नंबरवरच्या आक्कांच्या हातमोज्याचं टोक उडालं. बोट केसभरानं वाचलं. "ही पाचर काढा," आक्का म्हणाल्या. सुपरवायझर म्हणाला, "सोमवारी ठरवा. पाचर राहील, नाहीतर तुम्ही जाल."

भाऊंनी घरी हे सांगितलं आणि वर पुस्ती जोडली, "मी काय करणार? माझं काम मी चोख करतो."

बायको भाजी निवडत होती. "देवानं पहिल्या माणसाला बागेत ठेवलं, तेव्हा कामं किती सांगितली?"

"मशागत."

"आणि?"

भाऊंनी भाजीची जुडी पुढे ओढली.

"राखण! साप शिरला तेव्हा तोही तुमच्यासारखाच मान खाली घालून आळी खणत असेल. एकवीस वर्षं अर्धीच चाकरी, आणि बसायला पहिला बाक!"

"अगं, नोकरी गेली तर?"

"शिवणयंत्र आहे माझं. पण आक्कांचं बोट त्यावर शिवता येईल का, सांगा!"

सोमवारी सुपरवायझर आक्कांच्या मागे उभा राहिला. "हं, दाबा." तेवढ्यात भाऊ पक्कड घेऊन आले आणि सात नंबरची पाचर उपटली!

"कुणाच्या हुकमानं?"

"मारली मी होती साहेब. चूक माझी, काढणार मीच. राहिलेल्या अकराही."

"घरी बसाल!"

"बसेन. पण यंत्रं नीट करून."

भाऊ यंत्रासमोरून हलले नाहीत. मग आठ नंबरवाला वाकला. टक्! त्याची पाचर जमिनीवर पडली. मग नऊ, मग दहा... बघता बघता बारा पाचरी फरशीवर!

काम थांबलं तसे मॅनेजर जिना उतरून आले. भाऊंनी आक्कांचा हातमोजा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो हातात चढवला. तर्जनी उघडीच बाहेर आली.

"आजपासून दोन्ही हातांनी," ते म्हणाले. "आणि फिटर कुठेही जाणार नाही."

टाळ्यांनी छप्पर दणाणलं! दुपारी तीच सूचना सुपरवायझरनं स्वतःच्या सहीनं फळ्यावर लावली, जशी काही कल्पना त्याचीच.

रविवारी भाऊ मागच्या बाकाकडे वळले, तर बायकोनं कोपर मारलं, "पुढे चला. आता बसा खुशाल!"

वाचकहो, ज्या देवानं हाताला काम दिलं, त्यानंच शेजाऱ्याचा हात राखायलाही सांगितलं आहे. एक हात कामाला, एक राखणीला. दोन्ही लागले, तरच चाकरी पुरी होते!