आबासाहेबांच्या फोटोमागचा फोल्डर

मित्रांनो, माझं थाटात उद्घाटन झालं आणि निकिताचं वसतिगृह गेलं. यातलं दुसरं घडलंच नाही, असं संस्थेचं म्हणणं आहे. तेव्हा आपणही तसंच धरून चालू.

मी एक जुना फोल्डर आहे. जन्म याच उन्हाळ्यातला, पण आमच्यात तेवढ्यावर म्हातारपण येतं. श्रीरामपूरच्या एका शिक्षण संस्थेच्या संकेतस्थळात, घरामागे पत्र्याची खोली काढावी तसं मला काढलं. काढलं ते संस्थेच्या संगणक ऑपरेटर अश्विनीताईंनी. डोंगरातल्या मुलींना वसतिगृहाचा अर्ज घरूनच भरता यावा, एवढ्यासाठी. अर्ज घेणारी नवीकोरी प्रणाली त्यांनी माझ्यात बसवली.

पुढचं घर अध्यक्षांचं, म्हणजे आबासाहेबांचं. तिथे त्यांचा फोटो आहे आणि फोटोवर झेंडूच्या पाकळ्या पडतात. कुठल्याशा वाढदिवसाला सुरू झाल्या, त्या अजून पडतायत.

अडचण अशी, की आम्ही दोघं एकाच होस्टिंगवर, म्हणजे एकाच भाड्याच्या जागेत. पाकळ्यांना पीएचपीची, म्हणजे संकेतस्थळ चालवणाऱ्या भाषेची, जुनी आवृत्ती लागते, मला नवी. आवृत्ती बदलायचं बटण दोघांत मिळून एकच. हे आधी तपासायचं असतं. पण आमच्याकडे आधी पत्रिका छापतात, मग वस्तू करायला घेतात. चौकात फ्लेक्सही लागला होता : ‘अर्ज फक्त ऑनलाइन.’

उद्घाटनाला ताईंनी बटण नव्यावर ठेवलं. नारळ फुटला, थोडं पाणी कीबोर्डनेही घेतलं. मी झकास उघडलो. टाळ्या पडल्या. माझ्या वाट्याचं कौतुक तेवढंच. मग आबासाहेबांनी स्वतःचं पान उघडलं. पांढरंफटक.

“अश्विनी, मी कुठंय?”

“आबासाहेब, तुमचं पान नव्यावर चालत नाही. दुरुस्त करते, आठ दिवस द्या.”

“आन् तवर?”

“तवर फोटो दिसणार नाही. बटण जुन्यावर नेलं, तर मुलींचे अर्ज बंद पडतील.”

“पोरी येतील की एसटीनं. फोटोला एसटीत कोन बसवनार?”

बटण जुन्यावर गेलं. पाकळ्या पडू लागल्या. मी बंद पडलो.

भंडारदऱ्याकडच्या रंगुबाई खरंच एसटीनं आल्या. सोबत दहावी पास झालेली लेक निकिता आणि तिने सुवाच्य अक्षरात लिहिलेला अर्ज. टेबलाशी कारकून सुनीलभाऊ.

“कागद चालत न्हाई, मावशी. ऑनलाइन भरा.”

“त्ये उघडत न्हाई, भाऊ. चार जनांच्या मोबाईलवर पाह्यलं.”

“उघडत न्हाई कसं? उद्घाटन झालंय त्याचं!”

अश्विनीताई सुनीलभाऊंशी भांडल्या, मग आबासाहेबांशी भांडल्या. त्यांची बदली काष्टीच्या शाखेत झाली. तिथे संगणक नाही. पुढे मुदत संपली. एकही ऑनलाइन अर्ज आला नाही, म्हणजे मुलींना गरजच नाही, असा ठराव झाला आणि वसतिगृहाला कुलूप लागलं. निकिता आता धरणावर पर्यटकांना कणसं भाजून देते.

मित्रांनो, नवं काही बसवाल तेव्हा जागेला ते सोसतं का, हे नारळ आणण्याआधी बघा. आमची निगा राखा. आम्ही बिघडलो की भलत्याच कुणाचं तरी वर्ष वाया जातं.

सबब संस्थेस विनंती, की अध्यक्षांच्या फोटोस आठ दिवसांची किरकोळ रजा मंजूर करावी, वसतिगृहाचे कुलूप काढावे व कु. निकिता हिचा अर्ज मुदतीत आला असे मानण्यात यावे. नियमानुसार प्रस्तुत विनंती अर्ज ऑनलाइनच, म्हणजे माझ्यातच, दाखल केला आहे.