पन्नास परदेशी विद्यार्थी

विद्यापीठाला जगातल्या नामांकित विद्यापीठांच्या यादीत बसवायचंच, असं कुलगुरूंनी मनावर घेतलं आणि विदेशी विद्यार्थी कक्षातल्या बाईंच्या डोक्याला ताप झाला. यादीत जायला निदान पन्नास परदेशी विद्यार्थी हवेत, तेही नुसते कागदावरचे नकोत. शुक्रवारी यादी ठरवणारी समिती येणार आणि सभागृहात एकेकाला उभं करून मोजणार. बाईंनी वर्षभर पत्रं लिहून, फोन करून, कुणाला पंखा तर कुणाला मऊ उशी मिळवून देऊन बरोब्बर पन्नास जमवले होते. एकावन्नावा काही केल्या गळाला लागला नाही.

त्यांतली एक, मराठी शिकायला आलेली मुलगी बाईंची फार लाडकी. बाईंना मावशी म्हणायची, आणि बोलताना चुकली की आधी स्वतःच हसायची. सोमवारी सकाळी मात्र ती रडतच आली.

"मावशी, आई दवाखान्यात आहे. संध्याकाळचं विमान मिळतंय. माझा पासपोर्ट द्या ना."

पोलिसांकडच्या नोंदणीसाठी पासपोर्ट कक्षातच ठेवून घ्यायची पद्धत होती. तिचा बाईंच्या कपाटात होता. तिला थांबायला सांगून बाई कुलसचिवांकडे गेल्या. साहेबांनी फायलीतून मानही वर केली नाही.

"एकोणपन्नास झाले तर यादी हुकली, बाई. शुक्रवारनंतर जाऊ दे की तिला."

"पण साहेब, आईचं काही बरंवाईट झालं तर?"

"तुम्हाला नोकरीत कायम व्हायचंय ना?"

सहा वर्षं बाई कायम व्हायची वाट बघत होत्या. बाहेर येऊन, मुलीची नजर चुकवत त्या म्हणाल्या, "अगं, पासपोर्ट पोलिसांकडे नोंदणीला गेलाय. शुक्रवारी येईल. मी लागते त्यांच्या मागे."

मंगळवार, बुधवार, गुरुवार, मुलगी रोज दारात येऊन उभी राहायची. बाई कुणालाच न लावलेल्या फोनवर पोलिसांना झापायच्या. स्वतःची किळस यायची, तरी सोंग झकास वठत होतं.

शुक्रवारी मुलगी सभागृहात उभी राहिली आणि मोजली गेली. दुपारी बाईंनी तिच्या हाती पासपोर्ट ठेवला, स्वतः टॅक्सी बोलावून दिली.

पंधरा दिवसांनी यादी लागली. विद्यापीठाचं नाव तळाशी का होईना, होतं. बाईंना कायम केल्याचं पत्र मिळालं, त्याच दुपारी मुलीचा फोन आला.

"मावशी, आई गेली. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. पण तुम्ही माझ्यासाठी किती धावपळ केलीत! मी आईला सांगितलं होतं, इथे मावशी आहे, ती मला पाठवेल."

बाई गप्प राहिल्या असत्या तर कुणाला काही कळलं नसतं. पण ते आभार त्यांना सोसवेनात.

"बाळा, पासपोर्ट कुठेच गेला नव्हता. माझ्याच कपाटात होता."

"सोमवारी पण?"

"हो."

"आई गुरुवारपर्यंत शुद्धीवर होती," मुलगी म्हणाली. "रोज विचारायची, निघालीस का."