साडूच्या डोक्यावरून

नगररचना हे येणाऱ्या पिढ्यांसाठी करायचं निःस्वार्थ काम आहे. विमानतळाच्या नियोजित दुसऱ्या धावपट्टीभोवती काय बांधावं आणि काय नाही, याचा आराखडा मात्र आमच्या नगररचनाकाराने आपल्या साडूसाठी केला.

साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. फरशांचा व्यापारी. त्याने टेकडीवर दुमजली घर बांधलं, सगळा गोतावळा जेवायला बोलावला आणि ज्याला त्याला ओळख करून दिली, "हे आमचे साडूभाऊ. सरकारी कचेरीत रेघा मारतात." लोक हसले. बायकोही हसली, ते जास्त लागलं. नगररचनाकाराने तो अपमान गिळला नाही. गालात धरून ठेवला.

पुढे आराखडा त्याच्या टेबलावर आला. तत्त्व सोपं होतं. जिथे विमानांचा आवाज फार, तिथे घरं, शाळा, दवाखाने नकोत, गोदामं चालतील. गोदामांची झोपमोड झाल्याची तक्रार अजून कुठे आलेली नाही. आता, न उडालेल्या विमानांचा आवाज मोजता येत नाही. तो अंदाजाने काढायचा. विमान वाऱ्याकडे तोंड करून उडतं, म्हणून आधी वारा कुठून येतो ते ठरवायचं. हवामान खात्याच्या मते तो धावपट्टीच्या दोन्ही टोकांकडून सारखाच येत होता. नगररचनाकाराने तो वर्षभर टेकडीकडून आणला. नकाशावरचा फार आवाजाचा लाल पट्टा टेकडी चढला, साडूच्या गच्चीवरून गेला आणि पलीकडे उतरला. वरिष्ठांनी बारकाईने पाहून लाल रंग जरा गडद करायला सांगितला.

हरकतींच्या सुनावणीला साडू आला. त्याला बाहेरच्या बाकावर भरपूर वेळ बसवून मग आत घेतलं.

"साडूभाऊ, आमच्याच डोक्यावरून का?"

"साहेब म्हणा. सुनावणी चालू आहे."

"साहेब, आमच्याच डोक्यावरून का?"

"वाऱ्यापुढे कुणाचं चालतं? आम्ही आपल्या रेघा मारतो."

त्या संध्याकाळी नगररचनाकार शीळ घालत घरी गेला.

लाल पट्ट्यातली घरं रिकामी करून पाडण्यात आली. पर्यायी घरं यथावकाश मिळणार होती. यथावकाश म्हणजे किती, हे नगररचनाकाराला ठाऊक होतं; तो शब्द त्यानेच घातला होता. साडू रस्त्यावर आल्याचं तो चवीने सांगत असताना बायको म्हणाली, "ताई रस्त्यावर राहणार आहे का?" हा प्रश्न नव्हता.

दुसऱ्या दिवशी ताई आली, साडू आला आणि फरशांचे नमुने आले. साडू दिवाणखान्यातल्या एकुलत्या आरामखुर्चीत बसून गिऱ्हाइकं घेऊ लागला आणि त्यांच्यासाठी नगररचनाकाराला चहा सांगू लागला. दुपारी तो त्याच खुर्चीत झोपे. नगररचनाकाराने एका रविवारी कचेरीतलं आवाज मोजायचं यंत्र आणून घोरणं मोजलं. त्याच्याच नियमाप्रमाणे ते घर आता फक्त गोदामाला योग्य होतं.

मग तो पर्यायी घरांच्या मागे लागला. रोज कचेरीच्या वरच्या मजल्यावर खेटे घालू लागला, लोकांना ताटकळत ठेवू नये, असं वरिष्ठांना सुनावूही लागला. शेवटी त्यांनी कारण सांगितलं. घरांचा खर्च धावपट्टीच्या पैशातून व्हायचा होता, आणि धावपट्टी रद्द झाली होती. पहिलीलाच पुरेशी विमानं मिळत नव्हती.